पिल्लाची सोबत

डबे गेले, मशीन लावलं, तोवर अरुणाकाकू वरच्या फ्लॅटमधून खाली आल्याच. त्यांचा मुलगा अवधूत हॉस्पिटलला ड्यूटीवर गेला की त्यांना घर खायला उठायचं. मी कोथिंबीर निवडायला पुढे केली.

"इथल्या कोथिंबिरीला वास आहे की नाही, ते विचारूनच घ्यावं लागतं बाई!" काकू म्हणाल्या.

एवढ्यात दार वाजलं. ग्वेन होती, आमच्या किनाऱ्यावर सील या समुद्री प्राण्यांची राखण करणारी. चिखलाचे बूट बाहेर काढून आत आली आणि म्हणाली, लाल कोटातल्या आजींना भेटायचंय.

काका गेल्यावर अवधूतने काकूंना नागपूरहून वेल्सच्या या टोकाला आणलं. मराठी बोलायला इथे मी एकटी. गेल्या आठवड्यात त्यांना वाळूत पांढऱ्या लवीचं सीलचं पिल्लू दिसलं, एकटंच. तेव्हापासून रोज लाल कोट चढवून, थर्मास घेऊन त्या त्याच्याजवळ जाऊन बसायच्या. हात लावायचा नाही, काही भरवायचं नाही, नुसती सोबत. कुत्रं आलं तर छत्री उगारायची. "त्याची आई येईपर्यंत कुणीतरी नको का?"

"पिल्लू बरंय ना? विचार तिला," काकू म्हणाल्या.

ग्वेन हळू बोलत होती, तरी मराठीत सांगताना माझी जीभ अडखळली. पिल्लू काल गेलं. उपासमारीने. आई दूध पाजायला वाळूवर येते. पण माणूस जवळ दिसला की पाण्यातच थांबते. मी रागवायला नाही आले, ग्वेन म्हणाली. पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरं पिल्लू झालंय, म्हणून सांगायला आले.

काकूंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"एक काळं डोकं दिसायचं पाण्यात," त्या म्हणाल्या. "रोज. माझ्याकडेच टक लावून. मला वाटलं, असेल त्यांच्यातलीच कुणी. मी हात करायचे तिला. ये म्हणायचे."

ग्वेनला हे सांगावं की नाही, मला कळेना. तिने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

काकूंनी पदराने डोळे पुसले, उरलेली कोथिंबीर निवडून वाटीत ठेवली.

"तिला विचार," त्या म्हणाल्या, "त्या पलीकडच्या किनाऱ्याच्या वर, रस्त्याच्या तोंडाशी, समुद्रातून दिसणार नाही अशा जागी मला बसवाल का? खाली जाणाऱ्यांना मी अडवीन."