एक पायरी मागे

लग्नानंतर अमेरिकेत अर्विंगला आले आणि फिजिओथेरपिस्टची पहिली नोकरी मिळाली ती रग्बी लीगच्या एका छोट्या व्यावसायिक संघात. तेरा-तेरा जणांचा हा खेळ इथे फारसं कुणी बघत नाही. मीही बघितला नव्हता. पण सांगलीत कबड्डीच्या मैदानाला लागून आमचं घर, त्यामुळे एकमेकांवर तुटून पडणारी माणसं मला नवीन नव्हती. तिथे कुणाचं डोकं आपटलं तर तोंडावर पाणी मारून त्याला परत उतरवायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. इथे तसं चालत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं.

संघात सामोआ बेटांवरून आलेला एक खेळाडू होता. वयानं सगळ्यांत मोठा, दारातून जाताना खांदे तिरके करावे लागणारा, बोलायला मात्र अगदी हळू. त्याचा तो शेवटचा हंगाम होता. शेवटच्या सामन्याला त्याचे वडील येणार होते. लेकाला त्यांनी गावच्या मैदानावर खेळताना पाहिलं होतं, मोठ्या संघाकडून कधीच नाही.

त्या सामन्याच्या काही आठवडे आधी, एका सामन्यात टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडताना, समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उठला आणि चालत जाऊन चक्क विरुद्ध संघाच्या रांगेत उभा राहिला. प्रेक्षक हसले. मी धावत गेले. आतल्या खोलीत संघाच्या डॉक्टरांनी त्याला काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले. त्याला एकच आठवला, तोही त्यानं दोनदा सांगितला. कन्कशन. मेंदूला हादरा. त्या दिवसापुरता खेळ संपला.

परत येण्याचे नियम पायऱ्यापायऱ्यांचे असतात. आधी विश्रांती, मग चालणं, मग धावणं, मग कुणाच्या अंगाला अंग न लावता चेंडूचा सराव, मग टॅकल, आणि शेवटी संघाशी संबंध नसलेल्या डॉक्टरची परवानगी. मध्ये कुठेही डोकं दुखलं, गरगरलं, तर एक पायरी मागे. पण डोकं दुखतंय हे बाहेरून दिसत नाही. मी रोज विचारायची आणि तो रोज अंगठा वर करून म्हणायचा, "मस्त."

तो चेंडूच्या सरावापर्यंत आला त्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. एकटा राहायचा, आणि माझी आई तेव्हा आमच्याकडे आली होती. आमचं स्वयंपाकघर उघडंच, टेबलाला लागून. आईनं चटणीसाठी मिक्सर लावला आणि समोर बसलेल्या त्या एवढ्या मोठ्या माणसानं डोळे गच्च मिटून घेतले. चेहरा पार उतरला. आईनं लगेच मिक्सर बंद केला. तिला इंग्रजी येत नाही. स्वतःच्या कपाळावर हात ठेवून तिनं मराठीतच विचारलं, "दुखतंय का रे बाळा?"

त्यानं मान हलवली. हो.

आईनं पडदे ओढले आणि त्याला आतल्या खोलीत झोपवलं. दुपारभर तो झोपला. निघताना गाडीपाशी मला म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. तिकीट काढलंय बाबांनी."

"उद्या टॅकलचा सराव आहे," मी म्हटलं. "मिक्सरचा आवाज तुला सहन होत नाही. मी तुला कसं पाठवू?"

"माझं डोकं आहे. माझं मी बघेन."

"मला डॉक्टरांना सांगावंच लागेल."

त्यानं दार आपटलं आणि तो गेला. मी घरात येऊन फोन केला. आई शेजारी उभी होती. फोन ठेवल्यावर तिनं फक्त विचारलं, "वडील लांबून येणार ना गं त्याचे?"

"हो."

ती जाऊन ओढलेले पडदे उघडू लागली.

तो एक पायरी मागे गेला, मग आणखी एक. शेवटच्या सामन्याच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्यासमोर जुनं दुखणं असलेला गुडघा पुढे करून बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. कोचही माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

सामन्याच्या दिवशी वडील आले. फुलाफुलांचा शर्ट, कमरेला लुंगीसारखं वस्त्र. साध्या कपड्यांतल्या लेकाशेजारी ते पहिल्या रांगेत बसले. लेकानं कानात बोळे घातले होते, टोपी डोळ्यांवर ओढली होती. आम्ही हरलो. सामना संपल्यावर वडील थेट माझ्याकडे आले. मी बोलणी खायच्या तयारीतच होते.

"मी फार लांबून आलो," ते म्हणाले. "मला त्याला खेळताना बघायचं होतं."

"माहीत आहे मला."

त्यांनी मैदानाकडे बघितलं. मग म्हणाले, "बरा होईल ना तो?"

"बहुतेक होईल. किती वेळ लागेल ते मात्र सांगता येत नाही."

डोकेदुखी थांबायला कित्येक महिने लागले. परवानगी मागायला तो पुन्हा डॉक्टरकडे गेलाच नाही. आता विमानतळावर सामानाच्या विभागात काम करतो.

मध्यंतरी एका ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये भेटला. ऊन मी म्हणत होतं. मी त्याच्या वडिलांची चौकशी केली.

"गेले," तो म्हणाला. "मागच्या वर्षी. झोपेतच."

मी सॉरी म्हटलं, ते मलाच अपुरं वाटलं.

"मी तुझ्यावर अजून रागावलेलो आहे," तो हळूच म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण तो थट्टाही करत नव्हता.

"असणारच," मी म्हटलं.

फोन करायला नको होता, असं मला तेव्हाही वाटलं नाही. तरी त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्यानं ट्रॉलीतलं सामान सारखं केलं. मग त्यानं विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

"बरी आहे. सांगलीला असते."

त्यानं मान हलवली आणि ट्रॉली ढकलत तो आपल्या गाडीकडे गेला.