मागच्या सीटवरच्या लताबाई

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५. सकाळी गॅसचा सिलिंडर आला. गुडघा बरा. गाडीचे मागचे दोन्ही स्पीकर बंद, म्हणून दहा वाजता सातपूरला मल्हारीकडे गेले.

मल्हारी वीस वर्षे तिथल्याच एका कारखान्यात प्रेसवर होता. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशीनशेजारी, कानात कापूस घालून. कारखाना बंद पडल्यावर त्याने गाड्यांचे स्पीकर दुरुस्त करण्याचे दुकान टाकले. त्याची बायको लताबाई कायम दुकानात असायच्या, आणि गाडी आली की मागच्या सीटवर जाऊन बसायच्या, गाणे लागले की हात हलवत ऐकायच्या. माझ्या २०१६च्या वहीत नोंद आहे: 'लताबाईंना आपल्या गाडीत बसायची भारी हौस.' त्याखाली: 'म्हणाल्या, यांना माझं काही ऐकू येत नाही. मी म्हटलं, कुठल्या नवऱ्याला येतं? दोघी खूप हसलो.'

आज दुकानात त्यांचा फोटो होता. हार घातलेला.

"श्रावणात गेली, मॅडम. झोपेतच."

"मला कुणी कळवलं नाही हो," मी म्हटले.

तो पाठमोरा होता. "हां, आधी फ्यूजच बघतो," म्हणाला.

नऊ वर्षे जे हौस म्हणून लिहून ठेवले होते ते काय होते, हे मला तेव्हा कळले.

फ्यूज चांगला होता. त्याने दाराचे आतले आवरण काढले आणि स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल टेकवला. कागदी पडद्यावर अंगठा ठेवून म्हणाला, "हलतोय. जिवंत आहे." मग दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी सोलली. दार उघडून-मिटून आतली तार तुटली होती. दुसऱ्या दाराचीही तीच गत. दोन्ही जोडून त्याने गाणे लावले, आणि सवयीने मागच्या सीटकडे बघितले. तिथे माझी पर्स होती.

"झकास ना, मॅडम?"

डावीकडून खरखर येत होती. हो म्हणणे सोपे होते, आणि घरी जाऊन आवाज बंदच ठेवता आला असता. पण चुकीचे काम करून गाडी दिली, असे त्याच्या नावावर माझ्यामुळे राहू नये. मी मागे जाऊन बसले. लताबाई करायच्या तसा हात आडवा धरून हलवला.

तो त्या हाताकडे बघत राहिला. मग खाली वाकून त्याने डावा सांधा सोडवला आणि पुन्हा पिळला. आता आवाज स्वच्छ आला. मी तर्जनी वर केली.

"पोर म्हणते, कानात मशीन घाला," तो हात पुसत म्हणाला. "घालून बघितलं. नुसता गोंगाट. हिचा हात बरा होता. दिवाळीनंतर गाळा सोडतोय, मॅडम. बिनकानाचा माणूस काय दुकान चालवणार?"

"मी येत जाईन ऐकायला, मल्हारी. मंगळवारी."

तो माझ्या ओठांकडे बघत होता, त्यामुळे हे त्याला समजले. "मंगळवारचं भागेल हो," तो म्हणाला. "बाकीच्या दिवशी कोण ऐकणार?"

गंगापूर रोडने घरी येताना गाणे चालू होते. चारही बाजूंनी.

संध्याकाळी लिहिले: कुकरच्या तीन शिट्ट्या कान देऊन मोजल्या. भात नीट शिजला.