आत्याच्या फोनमधला आवाज

आत्याला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरांत तसंच आहे. वाचायचं ते तमिळ. तिची पुण्याची नात मात्र शाळेत शिकते तशी देवनागरीत मेसेज लिहिते. पूर्वी आत्या फोन माझ्यापुढे धरायची. मग आमच्या टीमचं मेसेज मोठ्याने वाचणारं ॲप मी तिच्या फोनवर टाकलं. त्यातल्या मराठीचं काम माझ्याकडे होतं. मी इथे घरूनच काम करते.

एका मोठ्या मीटिंगमध्ये आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या टीमने हुबेहूब तसंच ॲप दाखवलं. रंग वेगळा, नाव वेगळं. आमच्या कंपनीत एखादी गोष्ट तयार होईपर्यंत कुणी शेजारच्या टीमलाही काही सांगत नाही. सगळ्यांनी टाळ्यांचे इमोजी टाकले. माझ्या मॅनेजरनेही टाकला.

एकच ठेवायचं म्हणून आमचं ॲप बंद होणार असं ठरलं. त्यांच्या ॲपला मराठी येत नव्हतं.

"अय्यो," आत्या म्हणाली, "लग्नघरातसुद्धा आधी विचारतात, सांबार कोण करतंय."

"तिथे ओरडायला तू असतेस."

"मग इथे तू ओरड."

आपलं मराठी त्या टीमला देऊ या का, असं विचारल्यावर मॅनेजर म्हणाला, "वरून कळेपर्यंत थांबू या." त्याचंही चुकत नव्हतं, त्याची स्वतःची जागा कुठे असेल हे त्याला माहीत नव्हतं. मी मीटिंगमध्ये कॅमेरासुद्धा सुरू करत नाही. तरी त्याला सांगून त्या टीममधल्या एका मुलीला फोन केला.

"तुला फोन करायला कुणी सांगितलं?" तिने सावधपणे विचारलं.

"कुणीच नाही. मराठीचं काम तयार आहे. घेशील का?"

ती म्हणाली, "तुमच्याबद्दल आम्हालाही त्या मीटिंगनंतरच कळलं. मला वाटलं, तुम्ही चिडला असाल."

"चिडलोच आहोत. पण मराठी घे."

ती हसली. तिच्या वरिष्ठांना पटवायला तिला बरेच दिवस लागले. मधल्या काळात आमचं ॲप बंद पडलं आणि आत्या पुन्हा फोन माझ्यापुढे धरू लागली.

अखेर नव्या ॲपने नातीचा मेसेज वाचला. आत्याने मान तिरकी करून ऐकलं.

"ही बाई फार घाईत आहे गं."

मी ते त्या मुलीला कळवलं. लगेच उत्तर आलं, "किती हळू हवंय, आत्यांना विचारून सांग. मग करते."