चित्राची मागची बाजू

मंडळी, आज दुकानात माझी एक चूक झाली. मघापासून तीच डोक्यात आहे.

इथे आखातात, नईम भागातल्या आमच्या फ्रेमच्या दुकानात एक युक्रेनी चित्रकार बाई येतात, राहतात जुफैरला. युद्धात घर गेलेल्या लोकांसाठी त्या चित्रं विकतात. या वेळचं चित्र एका अंगणाचं होतं. मी फ्रेम केली आणि नेहमीसारखा मागून खाकी कागद चिकटवला.

बाईंनी फ्रेम उलटी केली आणि त्यांचा चेहराच उतरला. "कागद काढा. ज्यांचं हे घर, त्या आजोबांनी मागे पेन्सिलीनं नकाशा काढलाय. त्यावरूनच मी रंगवलं. ते घर आता नाही."

कागद काढला. मागेही काच बसवून दिली.

जेवणाच्या सुट्टीत त्याच कागदावर मी आमचं गुहागरचं घर काढायला बसलो. पडवी आली, विहीर आली, फणस आला. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या भिंतीला, तेच आठवेना!

आईला फोन लावला. ती म्हणाली, "सांगणार नाही जा. ये आणि बघ."

त्या आजोबांचं घर पडलं, तरी त्यांना खिडकी न् खिडकी पाठ आहे. माझं तर उभं आहे.

तुमचं काढता येईल तुम्हाला, कुणाला न विचारता?