आडवी वीज, उभी वीज

काल खळ्यात भात वाळत होतं आणि समुद्राच्या बाजूला आभाळ लकाकलं. मी तोंड उघडण्याआधीच बायकोने पोती काढली. माझं वीजशास्त्र तिला लग्नाआधीपासून ठाऊक आहे.

आरोंद्याला तिला बघायला गेलो, तेव्हाही खळ्यात असंच भात होतं. वीज चमकली तसे तिचे बाबा उठले. मी पडलो शाळामास्तर, छाप पाडायची संधी सोडतो कसला! "बसा हो," म्हटलं, "ही ढगातल्या ढगात पळणारी आडवी वीज. जमिनीवर उतरते ती उभी, फाटे फुटलेली. भात राहू द्या."

चहा संपायच्या आत खाडीपलीकडे फाटे फुटलेली कडाडत उतरली. मागोमाग पाऊस! सगळे धावले. मीही नव्या पँटीत गुडघे टेकून ओंजळीने भात भरू लागलो. शेजारी सूप घेऊन बसलेली मुलगी हसू दाबत म्हणाली, "ही आडवी काय उभी, मास्तर?"

ओल्या भाताचा तो गोडसर वास मला अजून सनईसारखा वाटतो. तेव्हा मात्र स्थळ हुकलं असं धरून मी निघालोच होतो. तिचे बाबा माझ्याकडे बोट दाखवून घरच्यांना म्हणाले, "झिलाक विजेतला काय कळणा नाय, पण भात भरूक येता. चेडवाक इचारा."

मुलीला विचारायला कोणी उठण्याआधीच आतून तिचाच आवाज आला, "माका चलात. पण ह्याच्या फुडे आभाळ मी बघतलंय!"