गिरिजाताईंचं पानिपत

नवरा गेल्यावर गिरिजाताईंची गाडी दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत दोन वर्षं धूळ खात उभी होती. विकून टाकू, असं मुलगा सुजय म्हणाला आणि बाईंनी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. साठी जवळ आलेली. शिकवणारे सरदारजी ‘आराम से, बहनजी’ म्हणत घाम पुसत राहिले, पण बाई शिकल्या. मग थंडीत तिघी मैत्रिणींना घेऊन सुलतानपूरच्या राष्ट्रीय उद्यानात पक्षी बघायला जाऊ लागल्या. चौघींची तोंडं अखंड चालू. पक्षी बिचारे कसले थांबतायत!

चौघींनी थेट कॉर्बेटच्या जंगलाचा बेत ठरवला तेव्हा मात्र सुजयचा धीर सुटला.

"आई, सुलतानपूर ठीक आहे यार. हायवेवर तुझं पानिपत होईल!"

"अच्छा? मग आधी पानिपतलाच जाऊ. तू शेजारी बस. माझं काही चुकलं, तर कॉर्बेट रद्द आणि गाडी विकून टाक."

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी माय-लेक निघाले. सुजय सगळा रस्ता पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता. सोनीपतच्या पुढे धुकं उतरलं, इतकं की पुढच्या ट्रकचे दिवेसुद्धा दिसेनात. गिरिजाताईंनी मुरथलला ढाब्याकडे गाडी वळवली, बाजूला लावली आणि पराठे मागवले.

पराठे संपले, चहा झाला. धुकं तसंच. सुजय घड्याळ बघू लागला. सुट्टी असूनही दुपारी त्याचा ऑफिसचा कॉल होता.

"चलो आई, हळूहळू निघू. सगळे जातायत."

"जाऊ देत."

"मग मी चालवतो. चावी दे."

"नाही. समोरचं दिसल्याशिवाय माझी गाडी हलणार नाही. तुझ्या कॉलसाठी नाही आणि कॉर्बेटसाठीही नाही." त्यांनी आणखी एक पराठा मागवला, वर लोणी जास्त.

सुजय चिडला. मग बाहेर जाऊन त्या पांढऱ्या भिंतीकडे बघत उभा राहिला. परत आला तेव्हा आईच्या ताटातला अर्धा पराठा तोडून घेतला. कॉल त्याने ढाब्यातूनच पुढे ढकलला.

ऊन पडल्यावर ते पानिपतच्या रणभूमीवर, काला आंबच्या स्मारकाला पोचले. कुंपणातला विटांचा खांब बघून गिरिजाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लढायला आलेल्यांचं एक वेळ समजतं. पण तीर्थयात्रा घडेल म्हणून फौजेबरोबर निघालेल्या त्या बायका! दुसऱ्यांनी नेलं तिथे गेल्या, दुसऱ्यांनी थांबवलं तिथे उपाशी थांबल्या. गिरिजाताईंना त्यांचा राग आला, दुसऱ्या क्षणी कणव आली. त्यांनी हात जोडले, नाक पुसलं आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या.

परतीच्या वाटेवर सुजयचे पाय निवांत पसरलेले होते. दिल्ली जवळ आल्यावर त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कॉर्बेटला मी पण येऊ?"

गिरिजाताईंना मनापासून बरं वाटलं. आरशात बघत त्यांनी लेन बदलली.

"नको रे. आम्हा चौघींचं सामान फार असतं."