हिवराला बांधलेलं शिंकं

आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. राख सावडली की मडकं कापडात बांधून बाहेरच्या एखाद्या झाडाला टांगायचं आणि नदीवर नेईपर्यंत तिथेच ठेवायचं, ही रीत. माझ्या धाकट्या भावासाठी आईनं शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, हिवर ठरवला. हिवराला काटे असतात, त्यावर माकडं चढत नाहीत, एवढंच कारण तिनं सांगितलं. मग तिनं सुती दोराचं शिंकं विणायला घेतलं. पूर्वी दह्यादुधाची भांडी मांजरापासून वाचवायला घरोघरी अशी शिंकी टांगलेली असायची. आता कोणी विणत नाही. ती ओसरीत बसून विणत होती आणि मी तिच्याजवळ बसून त्याची राख आणणारं विमान कुठवर आलं ते फोनवर बघत होते. फोनवर नुसतं 'विलंब' असं दिसत होतं. संध्याकाळी तेही दिसेनासं झालं.

भाऊ जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. आर्णीजवळच्या एका जिनिंगमध्ये काम शिकला आणि पुढे आफ्रिकेतल्या एका देशात गेला. तिथेही आपल्यासारखाच कापूस पिकतो, पण रोलर बसवणारी माणसं मिळत नाहीत, असं तो सांगायचा. लग्नाचं जमत नव्हतं. बाहेरदेशी नोकरी आहे म्हटल्यावर जमेल, असं आईला वाटत होतं. एकदा तो सुटीवर आला तेव्हा दोन दिवस उशिरा पोचला होता. त्या शहरातून आपल्याकडे यायला एकच विमान कंपनी होती आणि ती कशीबशी चालली होती. ओसरीत चहा पिता पिता त्यानं आम्हाला तिच्या नकला करून दाखवल्या. "ताई, आपल्या आर्णीच्या एस.टी.ची सख्खी बहीण हाय थे. फक्त एस.टी. बंद पडली तं उतरून धक्का मारता येते." आई इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

त्याला ताप आला आणि चार-पाच दिवसांत तो गेला. मृतदेह इकडे आणण्याची खटपट जिनिंगवाल्यांनी केली, पण ती विमानं कधी उडतील याचा कोणालाच भरवसा नव्हता. शेवटी तिथल्या गुजराती व्यापाऱ्यांच्या मदतीनं तिकडेच अग्नी दिला. आम्हाला फोनवर विचारलं. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "राख तेवढी पाठवा म्हणा. दहावा मंग करू."

राख घेऊन येणार होता तो भावाबरोबर काम करणारा, आर्णीजवळच्या एका तांड्यावरचा माणूस. हंगाम संपला होता आणि तो सुटीवर निघाला होता. दोघं एकाच खोलीत राहायचे. आमच्या घरी तो पूर्वी दोनदा जेवून गेला होता आणि आईला याडी म्हणायचा. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई.

तो आला त्या दिवशी शेतात वेचणी चालू होती. एस.टी.तून उतरून तो सरळ घरी आला आणि अंगणातच उभा राहिला. हात रिकामे होते. आईनं आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बस," ती म्हणाली. "पाणी पी आधी."

तो बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. आधी विमान रद्द झालं. कोणी काही सांगेना. काउंटरवरची माणसं उठून गेली ती आलीच नाहीत. लोक फरशीवर झोपले. दुसऱ्या दिवशी अचानक घाई उडाली, दुसऱ्याच एका विमानात बसायला सांगितलं. अस्थी स्टीलच्या डब्यात होत्या. डबा भावाच्याच दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि तो एका काळ्या बॅगेत. खूण म्हणून बॅगेच्या मुठीला लाल चिंधी.

"हातात घेऊन बसलो असतो याडी. पण वरचा कप्पा भरला होता. थे बाई म्हने, पायाखाली ठेवा. पायाशी कसा ठेवू त्याले? अन् मांडीवर घ्यावं तं तिथंच लोक जेवते, मटन खाते. म्हनून म्या खाली सामानात देल्ली बॅग. म्हटलं, तिथं कोणाचा पाय तं लागनार नाही."

मुंबईला उतरल्यावर पट्ट्यावरून सगळ्यांच्या बॅगा आल्या. त्याची आली नाही. पट्टा थांबला तरी तो तिथेच उभा होता.

आईनं पाण्याचा तांब्या त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "बरोबर केलं तू. पायाशी कायले ठेवत होता." तेव्हा कुठे तो खाली बसला आणि रडला.

मी यवतमाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. घरात इंग्रजी येणारी मीच, त्यामुळे फोन करायचं काम माझ्याकडे आलं. जेवणाच्या सुटीत ग्रंथालयात कोणी नसतं. संदर्भग्रंथांच्या कपाटामागे बसून मी विमान कंपनीचा नंबर लावायची. आधी संगीत वाजायचं. मग एक आवाज सांगायचा की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग पुन्हा संगीत, आणि मग फोन तुटायचा. कधी लागलाच तर पलीकडे नवा माणूस असायचा आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं.

एकदा एक मुलगी भेटली. आवाजावरून वयानं अगदी लहान वाटली. तिनं विचारलं, "बॅगेत काय आहे मॅडम?"

मी म्हणाले, "माझा भाऊ."

मग मी नीट सांगितलं. ती म्हणाली, "सॉरी मॅडम. पण इथे जे पर्याय आहेत त्यांत असं काही नाही. कपडे लिहू का?"

"लिहा," मी म्हणाले.

ई-मेलची उत्तरं यायची. दर वेळी सही वेगळ्या नावाची आणि मजकूर तोच. आमच्या सन्माननीय प्रवाशाला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. मुंबईत त्यांचं काम बघणाऱ्या कचेरीनं सांगितलं की आम्ही फक्त तिकिटं विकतो, सामान आमच्याकडे येत नाही. विमानतळावरच्यांनी सांगितलं, कंपनीला विचारा.

शनिवारी मी गावी जायची. आई विचारायची, "लागला का फोन?" मी सांगायची, लागला होता, बघतो म्हणाले. तिला ते पटायचं नाही. एकदा आर्णीच्या स्टँडवर तिची पिशवी गाडीत राहिली होती, तर कंट्रोलरनं पुढच्या डेपोत फोन करून ती परत मागवली होती. "तिकडं कंट्रोलर नसते का?" ती विचारायची. शेजारचे काका ओसरीवर येऊन बसायचे. ते म्हणायचे, "वहिनी, थे इमान हाय. तिथं कंट्रोलरच वर बसते, देवाजोळ." आई त्यांना म्हणायची, "तुमी चहा प्या अन् घरी जा."

तांड्यावरच्या त्या माणसानं कुठून तरी तिकडच्या विमानतळावरचा एक नंबर मिळवून मला दिला. तो लागला. पलीकडे एक वयस्कर आवाज होता, इंग्रजी सावकाश बोलणारा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. आमच्याकडे राहिलेल्या बॅगांची एक खोली आहे. तुमची बॅग बहुतेक तिथेच असेल."

"मग बघता का?"

"खोलीला कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडे आहे तो कामावर येत नाही. आमचे पगार थांबलेत मॅडम. मीसुद्धा उद्या येईन की नाही, सांगता येत नाही."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. मी त्याचे आभार मानले. तोही मला धन्यवाद म्हणाला, कशाबद्दल ते कळलं नाही. त्या दिवशी दुपारी मी एकही पुस्तक जागेवर लावू शकले नाही. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात: हरवलेलं पुस्तक नवं आणता येतं, पण चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक असूनही नसतं.

दहावा राहून गेला होता. भावकीतल्या लोकांनी गुरुजींना आणलं. गुरुजी चांगले होते. ते म्हणाले की अस्थी मिळत नसतील तर शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, त्याचीच राख नदीत सोडायची. पळस आपल्याकडे लागेल तेवढा आहे. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. निदान काही तरी आपल्या हातात असेल, असं मला वाटलं.

आई म्हणाली, "एक डाव जाळलं ना त्याले? मंग दुसऱ्यांदा नाही."

गुरुजींनी पुन्हा समजावलं. ती उठून आत गेली.

त्यानंतर काही दिवसांनी बॅग आली. नागपूरहून एक गाडी आली, ड्रायव्हरनं माझ्याशी फोनवर बोलून घर विचारलं. शनिवार होता, मी तिथेच होते. दुरूनच मला काळी बॅग आणि मुठीला काही तरी लाल दिसलं. मी धावत अंगणात गेले. आई धावली नाही. ती शिंकं आणि ते टांगायचा दोर घेऊन सरळ शेताच्या वाटेला लागली होती.

मुठीला चिंधी नव्हती, लाल रिबीन होती. छोटंसं कुलूप होतं. आमच्या बॅगेला कुलूप नव्हतं. तांड्यावरच्या माणसाला फोनवर फोटो पाठवला. तो म्हणाला, "ताई, हे आपली नव्हे."

मी ड्रायव्हरला परत न्यायला सांगितलं. त्यानं नाही म्हटलं. त्याच्याकडच्या कागदावर हाच पत्ता होता. "मले घरी पोचवाचं सांगतलं, म्या पोचवलं," तो म्हणाला आणि गेला. मी कंपनीला लिहिलं. या वेळी उत्तर लगेच आलं: आपली बॅग आपल्याला सुखरूप मिळाली याचा आम्हाला आनंद आहे, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. मी पुन्हा लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. मग ती कंपनी बंद पडल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, आतल्या पानावर, चार ओळींची. नंबर लावला तर एक बाई तिकडच्या भाषेत काही तरी सांगते. तेच ते वाक्य. मला ते आता पाठ झालं आहे. अर्थ माहीत नाही.

बॅग कुठे ठेवायची हा प्रश्न होता. आईनं ती घरात घेऊ दिली नाही. "त्यात कोणाचं काय असन, कोणाले माहीत," ती म्हणाली. आपल्या बॅगेत जे होतं ते या बॅगेतही असू शकतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गोठ्यात फळी टाकून त्यावर बॅग ठेवली, वर ताडपत्री घातली. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. रोज सकाळी ती तिथे झाडायची आणि ताडपत्रीवरची धूळ झटकायची.

मी तिला म्हटलं, "आई, कुलूप तोडू. आत कोणाचं नाव असेल, पत्ता असेल. त्यांना तरी कळवता येईल."

ती म्हणाली, "आपली बॅग जिकडं गेली असन, तिकडं त्यायनं उघडली असन का?"

"आपल्या बॅगेला कुलूपच नव्हतं."

"म्हनूनच म्हनतो. तिथं कोणी हात नसन लावला तं आपनही लावू नये. आपन तोडलं तं थेही डबा उघडून पाह्यतीन."

मी पुष्कळ वाचलेलं आहे. या बोलण्यातली चूक कुठे आहे, ते मला दाखवता आलं असतं. पण ती चूक दाखवून तिच्या हाती काय ठेवायचं, ते मला माहीत नव्हतं. बॅग तशीच राहिली. शिंकंही तिनं त्या दिवशी बांधलं तसं हिवरालाच होतं. एकदा शेतात गेले तेव्हा पाहिलं, दोर उन्हानं पांढरा पडला होता आणि गाठ नव्यानं मारलेली होती.

मग तुरीची कापणी आटोपली त्या सुमाराला गारा पडल्या. मी गावीच होते. दुपारीच अंधारून आलं, वारा सुटला आणि गोठ्याचा एक पत्रा उडून अंगणात पडला. आई पदर डोक्यावर घेऊन धावली. मी मागून. ताडपत्री केव्हाच उडाली होती आणि बॅगेवर गारा आपटत होत्या.

"धर तिकून," ती ओरडली.

दोघींनी बॅग उचलली. जड होती. मला वाटलं ती ओसरीत ठेवेल. ती थांबली नाही. उंबरा ओलांडून, देवाच्या कोनाड्यावरून पुढे, आतल्या खोलीत गेली आणि भावाच्या बाजेवर बॅग ठेवली.

"अस्थी असल्या तं?" मी विचारलं. अशा घाईत माझंही बोलणं तिच्यासारखं होतं.

"असू दे. भिजून राह्यलं होतं ना."

तिनं पदरानं बॅग पुसली, आधी वरून, मग कडांनी, मग रिबिनीची गाठ. तिच्या कपाळाला गार लागून खोक पडली होती, ती मी पुसायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला.

"तिकडं पानी येते का?" तिनं विचारलं.

"येतो पाऊस," मी म्हणाले.

"मंग कोणी घेतला असन त्याले आत," ती म्हणाली आणि दार लावायला उठली.